गिरणी कामगाराचा दुहेरी आधार : घर आणि देवधर्म

नोकरी करणाऱ्या मनुष्याचे हित कशात आहे, याची चर्चा अलीकडे मोठमोठ्या कचेऱ्यांतून पुष्कळ होते. नोकरवर्गाच्या मनःस्वास्थ्यासाठी सल्लागार नेमले जातात, व्याख्याने ठेविली जातात, योगासनांचे वर्ग चालतात. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु हा विचार जणू आजच प्रथम सुचला, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचे वाडवडील कोकणातून वा घाटावरून मुंबईच्या कापडगिरण्यांत आले आणि तेथे त्यांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे काढली. त्यांना सल्लागार नव्हता, की मनःस्वास्थ्य हा शब्दही ठाऊक नव्हता. तरीही बहुतेकजण ताठ मानेने जगले, मुलांना शिकवून गेले. त्यांना कोणी सावरले? प्रस्तुत लेखकाच्या अल्प मतीप्रमाणे या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता येते : घर आणि देवधर्म. मात्र या आधाराची किंमत कोणी दिली आणि तो कोणाला नाकारला गेला, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. दोन्ही बाजू आपल्या तरुण पिढीपुढे याव्यात, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गिरण्या आणि कामाचे तास

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली व ताडदेव येथे १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, वरळी या भागांत धुराड्यांचे रानच उभे राहिले आणि त्या मुलखाला गिरणगाव हे नाव पडले.

आरंभीच्या काळात कामाचे तास सूर्याच्या हाती होते. उजाडले की यंत्रे सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. विजेचे दिवे आल्यावर तर सूर्याचाही पाड राहिला नाही. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्याने काही संरक्षण दिले ते केवळ लहान मुलांना. प्रौढ पुरुषांच्या कामाचा दिवस बारा तासांचा ठरण्यास १९११ साल उजाडावे लागले. आठवड्याला साठ तासांची मर्यादा १९२२ मध्ये आली, चोपन्न तासांची १९३४ मध्ये आणि अठ्ठेचाळीस तासांची १९४६ मध्ये. कामावर दुखापत झाल्यास भरपाई देण्याचा कायदा १९२३चा, मुंबई इलाख्यातील बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९चा आणि कामगार राज्य विम्याचा १९४८चा. म्हणजे पहिली गिरणी सुरू झाल्यापासून जवळजवळ पाऊणशे वर्षे कामगाराच्या आजारपणात, अपघातात व म्हातारपणात सरकार आणि मालक यांचा हात फारसा नव्हताच. त्या दीर्घ काळात जे काही होते ते त्याचे त्याने उभारलेले होते.

रविवारची सुटी

आज रविवार उजाडला की आपण निवांतपणे वर्तमानपत्र उघडतो. ही सुटी कोणी दिली, हे किती जणांना ठाऊक असते? आठवड्याची सुटी गिरणीत पूर्वी नव्हती. मोठ्या सणाला गिरणी बंद राही, एरवी काम चालूच. आणि बंदच्या दिवशीदेखील यंत्रे पुसण्यासाठी पुष्कळदा अर्धा दिवस हजर राहावे लागे.

ही स्थिती पालटण्यासाठी प्रथम कंबर कसली ती रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ मध्ये जन्मलेले लोखंडे महात्मा फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. गिरणीत त्यांनी नोकरी केलेली असल्यामुळे कामगारांचे हाल त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेविला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि दुखापत झाल्यास निर्वाहाची सोय, अशा त्यातील मुख्य मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीवर शिक्कामोर्तब झाले.

रविवार हा आपल्याकडे पूर्वापार खंडेरायाचा वार. लोखंडे यांनी रविवारच मागितला याचे एक कारण हेही सांगितले जाते. ते असो, पण सुटी मिळाल्यावर कामगाराने तिचे काय केले, हे पाहिले म्हणजे घर आणि देवधर्म यांचा संबंध उलगडतो. त्या दिवशी तो न्हाऊनमाखून देवदर्शनास गेला, गाववाल्यांच्या खोलीवर जाऊन गावाकडची खुशाली विचारून आला, आजारी सोबत्याला भेटला आणि रात्री भजनाला बसला. विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे, तर आपल्या माणसांत पुन्हा माणूस म्हणून बसणे, ही समज त्याला उपजतच होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लक्षावधी माणसे गावी पळाली. लोखंडे मात्र रोग्यांच्या सेवेत राहिले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने निवर्तले. ज्यांच्यामुळे आपल्याला रविवार मिळाला, त्यांचे स्मरण प्रत्येक घरी असावे.

दोन ठिकाणी मांडलेला एक संसार

गिरणी कामगाराचे कुटुंब बहुधा दोन ठिकाणी विभागलेले असे. पुरुष मुंबईत, आईवडील, पत्नी व लहान मुले गावी. १९२१च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशेच आढळल्या. जन्माने एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले असे दोन लाखांहून अधिक लोक तेव्हा शहरात होते. रत्नागिरीची जमीन थोडी व खडकाळ, पाऊस उदंड पण पीक चार महिन्यांचे. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईस धाडावा लागे. पगार झाला की मनीऑर्डर गावी जाई. त्या पैशांत शेतसारा, वाण्याची उधारी, बहिणीचे लग्न सारे भागे. उलट गावाहून तांदूळ, कुळीथ, आमसुले येत. आजारी पडलेला किंवा कामावरून कमी झालेला मनुष्य हक्काने गावी जाई आणि सहा महिने भाकरी खाऊन पुन्हा परते.

मालकांना व इंग्रज अधिकाऱ्यांना गावाची ही ओढ प्रारंभी खटके. कामगार शिमग्याला जातो, गणपतीला जातो, लावणीला जातो, खाडे करतो, अशी त्यांची तक्रार असे. परंतु १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या आपल्या अहवालात निराळाच निष्कर्ष काढला. खेड्याशी असलेला कामगाराचा संबंध हा तोटा नसून मोलाचा ठेवा आहे, तो तोडू नये, केवळ नीट नियमित करावा, असे त्या आयोगाने सांगितले. जे आपल्या आजीला सहज कळत होते ते समजण्यास सरकारला मोठा आयोग नेमावा लागला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईत राहणाऱ्या पुरुषांसाठी गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या. एका गावचे वीस-पंचवीस लोक वर्गणी काढून एक खोली घेत. भिंतीला ज्याची त्याची ट्रंक, दोरीवर कपडे आणि कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. एक उठे तो दुसऱ्याच्या निजण्याची वेळ होई. नव्याने आलेल्या पोराला ओळखीच्या मुकादमाकडे नेऊन बदलीचे काम मिळवून देणे, तोवर त्याला जेवू घालणे, मृत्यू झाल्यास क्रियाकर्म करून गावी कळविणे ही कामे मंडळ करी. गोमंतकातून आलेल्या ख्रिस्ती बांधवांचे ‘कूड’ याच जातीचे. धोबी तलावानजीकच्या अशा कुडांत आगबोटीवर नोकरी करणारे खलाशी उतरत. संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावा असा तेथे दंडक असे आणि गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा होई. धर्म निराळा, परंतु गरज एकच.

जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे. ती बहुधा स्वतः गिरणी कामगाराची पत्नी अथवा विधवा. दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे जेवण ती रांधी आणि पगार होईपर्यंत उधारीवर घाली. कोणाला ताप आला तर पेजेची वाटीही तीच देई. या अन्नदात्या स्त्रिया पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या प्रयत्नाने अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या आणि सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

१९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ विकासखात्याच्या चाळी बांधल्या. तेथे एका खोलीचा संसार मांडता आला, म्हणून बायकामुलेही मुंबईस येऊ लागली. चाळीच्या गॅलरीत कोणाचे दुःख एका घराचे राहत नसे. प्रस्तुत लेखकाचे वडील साचेखात्यात होते. त्यांच्या रातपाळीच्या दिवशी आम्ही मुले गलका करू लागलो की शेजारच्या काकूच आम्हाला आपल्या खोलीत ओढून नेत, कारण “दादा निजलेत” ही जाण साऱ्या मजल्याला असे. कामगाराच्या झोपेची काळजी घेण्याचे याहून सोपे खाते कोणत्या कारखान्यात निघाले असेल?

टाळ-मृदंगाचा उपयोग

देवधर्माचा आधार म्हणजे केवळ परलोकाचा विचार नव्हे. गिरणगावातील भजनी मंडळांकडे पाहिले म्हणजे त्याचे व्यवहारी रूप दिसते. दिवसभर यंत्रांच्या आवाजात एकमेकांशी बोलता येत नसे. साचेखात्यात तर ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलणे समजून घ्यावे लागे. रात्री त्याच मनुष्याला टाळ हाती घेऊन मोकळ्या गळ्याने गाता येई. कापसाची पूड खाल्लेल्या छातीला आणि भोंग्याच्या धाकात वावरलेल्या मनाला तो मोठाच विसावा होता. शिवाय भजनाला न आलेला मनुष्य लगेच ध्यानात येई. “आज बुवा का दिसले नाहीत?” म्हणून चौघे खोलीवर जात. पोथी वाचता यावी म्हणून अक्षरओळख करून घेणारे कित्येक होते. मुकादमापुढे मान खाली घालणारा मनुष्य भजनात बुवा म्हणून मान पावे. या मानाचे मोल पैशांत होत नाही.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा होई, साच्यांना झेंडूची तोरणे चढत. वर्षभर ज्या यंत्राची भीती वाटे त्यालाच त्या दिवशी हळदकुंकू वाहिले जाई. सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासूनची. गिरणगावातही चाळी-चाळींतून ती रुजली आणि १९३४ मध्ये लालबागच्या बाजारातील कोळी बांधव व विक्रेते यांनी तेथील गणपती बसविला. त्या मंडपांतून हिशेब ठेवणे, सभा चालविणे, भाषण करणे, नाटक बसविणे हे शिक्षण हजारो तरुणांना मिळाले. पुढे कामगार संघटनांत आणि लोकांच्या चळवळींत जे कार्यकर्ते दिसले त्यांतील पुष्कळांची पहिली शाळा हीच होय.

या संदर्भात संत गाडगे महाराजांचे नाव घेतलेच पाहिजे. १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये देह ठेवलेल्या या सत्पुरुषाने आपल्या कीर्तनांतून कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, मुलांना शाळेत घाला, हेच निरनिराळ्या तऱ्हेने सांगितले. यात्रेकरूंसाठी व आजाऱ्यांच्या नातलगांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. धर्माने मनुष्याचा संसार सुधारला पाहिजे, ही त्यांची कसोटी होती.

आधाराची दुसरी बाजू

येथपर्यंत गुण सांगितले. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने दोष झाकणे उचित नव्हे.

पहिली गोष्ट कर्जाची. ज्या लग्नकार्यांनी व सणांनी मन हलके होई, त्यांनीच पुष्कळदा गाठोडे जड केले. पठाणाचे व सावकाराचे व्याज फेडता फेडता कामगाराचा अर्धा जन्म जाई. गाडगे महाराजांना वारंवार बोलावे लागले ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. पुरुष मुंबईत तग धरू शकला, कारण गावी कोणीतरी स्त्री नांगरणी-लावणी, गुरेढोरे, म्हातारी माणसे आणि मुले सांभाळीत होती. मनीऑर्डरची नोंद टपालकचेरीत राहिली. तिच्या श्रमांची नोंद कोठेच राहिली नाही. मुंबईत जी स्त्री गिरणीत गेली तिची कहाणी आणखी कष्टाची. १९२०च्या दशकात गिरण्यांतील कामगारांचा जवळजवळ पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पाळी संपवून घरी आल्यावर त्यांची दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होई. कुटुंब हा आधार होता, हे खरेच. पण त्या आधाराचा खांब कोण होता, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. गिरणीतील विणकाम अधिक पगाराचे. धोट्यातील धागा त्या काळी तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि शिवाशिवीच्या कल्पनेमुळे सवर्ण कामगार अस्पृश्य बांधवांना साच्यांवर येऊ देत नसत. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय स्पष्ट शब्दांत पुढे मांडला. ज्या गावकीने आपल्या माणसाला खोली दिली, तिनेच दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेविले. त्या भजनांतून सर्वांभूती एकच देव असल्याचे गायिले जाई, आणि पाण्याचे पिंप मात्र वेगळे असे. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत हे लिहिताना संकोच वाटतो. पण येथे लिहावयाचे नाही तर कोठे?

याच गिरणगावाने दुसरेही उदाहरण दाखविले आहे. १९२६ च्या सुमारास गंगाराम व काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने टाकून दिलेले एक तान्हे मूल उचलले. त्याची जात, गोत, आईबाप काहीच ठाऊक नव्हते. तरी त्याला त्यांनी आपले नाव दिले, शाळेत घातले. तेच मूल पुढे कविवर्य नारायण सुर्वे म्हणून महाराष्ट्राला ललामभूत झाले. त्यांनी हमाली केली, शिपायाची नोकरी केली आणि नंतर ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये निघाला. काशीबाईंनी जात विचारली असती तर मराठी कवितेचे केवढे नुकसान झाले असते! घर म्हणजे काय आणि धर्म म्हणजे काय, याचे उत्तर त्या माउलीने एका कृतीने दिले.

१९८२ची कसोटी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. प्रस्तुत लेखक त्या वेळी नुकताच शिक्षक झाला होता. वर्गात हजेरी घेताना एकेक नाव गळू लागले. शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास बहुधा आईच येई. “गुरुजी, पोरांना गावी नेते, तिकडे निदान पेज तरी मिळेल,” असे सांगून पदराने डोळे पुसी. ज्यांचे गाव सांभाळलेले होते, भावाभावांत सलोखा होता, त्यांना उभे राहण्यास जागा मिळाली. मुंबईत राहिलेल्यांच्या बायकांनी मंगळसूत्रातले मणी विकले, डबे सुरू केले, घरोघरी भांडी घासली. ज्यांचे कोणी नव्हते ते दारूत व निराशेत वाहून गेले. पिढ्यान् पिढ्या चाललेला आधार त्या वर्षी खराच किती मोलाचा होता हे कळले, आणि त्याची मर्यादाही कळली. कुटुंब माणसाला उपाशी मरू देत नाही, परंतु गेलेली नोकरी परत आणू शकत नाही. त्यासाठी न्याय्य कायदा आणि जागृत संघटनाच हवी. लोखंडे यांनी देवाचा वार मागितला तो सभा भरवून आणि सह्या गोळा करून, हे या ठिकाणी आठवावे.

आपल्यासाठी बोध

आज आपली मुले संगणकाच्या कचेऱ्यांत, बँकांत, कारखान्यांत कंत्राटावर, पुणे, बंगळूर व परदेशांतही नोकरी करीत आहेत. त्यांचा पगार आजोबांच्या स्वप्नातही नव्हता एवढा आहे. पण रात्री उशिरा परतल्यावर “जेवलास का?” असे विचारणारे कोणी नसते, आणि भजनाला का आला नाहीस म्हणून दार ठोठावणारेही नसते. कचेरीतील सल्लागार उपयोगी खराच. परंतु तो कामाच्या वेळेपुरता. माणूस माणसाच्या ध्यानात असणे ही गोष्ट पगाराने विकत मिळत नाही.

यास्तव मंडळाच्या सभासद कुटुंबांपुढे तीन नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. दूरच्या शहरी एकट्या राहणाऱ्या तरुण-तरुणींची यादी करून त्या त्या शहरातील एका कुटुंबाने महिन्यातून एकदा त्यांना जेवावयास बोलवावे. लग्नकार्यातील खर्चास आळा घालून वाचलेल्या रकमेतून आजारपण व बेकारी यांसाठी मदतनिधी उभारावा आणि त्याच्या कारभारात स्त्रियांना निम्मा वाटा द्यावा. तिसरी सूचना अशी की, मंडळाच्या खोल्या, वाचनालय व भजन यांची दारे ज्याला गरज आहे त्याला उघडी असावीत, मग त्याची ज्ञाती कोणतीही असो. काहींना हे रुचणार नाही, याची जाणीव आहे. परंतु आपल्या पूर्वजांना परक्या शहरात ज्या ओलाव्याने जगविले तो आपण कुलूप लावून ठेविला, तर तो आटेल. वाटला तर वाढेल.

मंडळाचे कार्यकर्ते व वाचक यांनी या विषयाचा विचार करावा, अशी विनंती करून हा लेख येथेच पुरा करतो.